येझदीच्या हेडचे आटे

प्लग हातानं आत गेला, पार तळापर्यंत गेला, आणि पाना लावल्यावर फिरतच राहिला. शेवटच्या पाव फेऱ्यात मनगटाला जो ताण जाणवायला हवा, तो आलाच नाही. तशीच गाडी चालू केली आणि प्लगच्या बुडाशी साबणाच्या पाण्याचे थेंब सोडले, तर फेस वर यायला लागला. हेडचे आटे गेले होते.

गाडी येझदी २५०, सत्तरच्या दशकातली. मी ती सांगलीजवळच्या एका गावातून घेतली, तेव्हा शेडमध्ये खताच्या पोत्यांच्या आड उभी होती. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’नं १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर गाड्या बनवल्या, पुढं त्याच गाडीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. इंजिन समजायला अगदी सोपं आहे. एकच सिलिंडर, ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, टू-स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. ‘ऑइल किंग’ मॉडेल सोडलं तर ऑइलचा पंपही नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. सिलिंडर बिडाचा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनिअमचं हेड. या हेडच्या भोकात स्टीलचा प्लग वर्षानुवर्षं आत-बाहेर होत राहतो. टू-स्ट्रोकचा प्लग तेलकट होतो, काजळी धरतो, मिसफायर झालं की रस्त्यावरच काढून पुसावा लागतो. म्हणजे गाडीतला सगळ्यात जास्त वेळा खोलला जाणारा आटा सगळ्यात मऊ धातूत आहे.

हेड काढायला वेळ लागत नाही. चारी नट तिरकस क्रमानं थोडे थोडे सैल करत गेले, हेड हलक्या हातानं थोपटलं आणि उचललं. उलटं करून उजेडात धरलं तेव्हा भोकात काहीतरी चमकलं. चिमट्यानं ओढून काढलं तर चांदीचा कागद निघाला, सिगारेटच्या पाकिटातला असतो तसा, प्लगच्या आट्यांचे वळ उमटलेला आणि करपून काळा पडलेला. कुणीतरी प्लगला तो गुंडाळून प्लग ‘टाइट’ केला होता. त्यानं प्लग बसल्यासारखा वाटतो खरा, पण प्लगला स्वतःची उष्णता बाहेर टाकायला बुडाची बैठक आणि आटे हीच मुख्य वाट असते. त्या वाटेत कागद आणि हवा आली की प्लगचं टोक नको तितकं तापतं. मग ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडायची वेळ येते. तो कागद मी फेकून दिला नाही. अजून माझ्याकडं डबीत आहे.

खरं कारण मात्र दुसरीकडं सापडलं. गाडीबरोबर एका पत्र्याच्या डब्यात जुने सुटे भाग आले होते. त्यात एक प्लग होता, आट्याचा भाग चांगला लांब. व्हर्निअर लावला तर १९ मिलिमीटर. या हेडला लागतो तो शॉर्ट रीच प्लग, १२.७ मिलिमीटरचा. दोघांचा व्यास १४, दोघांचा पिच १.२५, दोघांना एकच पाना लागतो. एनजीकेच्या प्लगवर फरक एका अक्षराचा असतो. बी-७-एचएस म्हणजे १२.७, बी-७-ईएस म्हणजे १९. दुकानात गडबडीत कुणी ‘एच’ऐवजी ‘ई’ दिला आणि घेणाऱ्यानं तो बसतोय म्हणून बसवला, की सव्वासहा मिलिमीटर आटा, म्हणजे जवळपास पाच वेढे, हेडच्या पलीकडं ज्वलनाच्या जागेत उघडे राहतात. पिस्टनला लागत नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी चालते. त्या उघड्या पाच वेढ्यांत जळक्या ऑइलची काजळी बसते, बसून दगडासारखी होते. आणि एके दिवशी प्लग काढायला जावं, तर ते काजळीनं भरलेले वेढे हेडच्या मऊ आट्यांमधून बाहेर ओढले जातात आणि येताना अ‍ॅल्युमिनिअम खरवडून आणतात. डब्यातल्या त्या प्लगच्या खालच्या वेढ्यांत मला तेच दिसलं. काळी घट्ट काजळी आणि तिच्यात रुतलेले अ‍ॅल्युमिनिअमचे चमचमते बारीक कीस.

जुन्या गाड्यांचे आटे बहुतेक वेळा जोर लावल्यानं जातात असं लोक समजतात. माझा अनुभव असा आहे की जोर नंतर येतो, आधी चुकीची वस्तू येते. बुलेटवाल्यांचं तर हे रोजचं दुखणं. बुलेटचं इंजिन मूळ ब्रिटिश, त्यामुळं जुन्या बुलेटमध्ये इंग्रजी मापांचे आटे. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो आणि एम-८ भरतो ८. डोळ्याला फरक कळत नाही. पण ५/१६ बीएसएफला इंचात २२ वेढे आणि आट्याचा कोन ५५ अंश, सायकल थ्रेडला त्याच व्यासात २६ वेढे आणि कोन ६० अंश, आणि एम-८ला १.२५चा पिच, म्हणजे इंचाला वीसच्या आसपास. पहिले दोन-तीन वेढे कुठलाही कुठंही चालतो. मग अडतो. मग मिस्त्री पान्याला पाइप घालतो. येझदीचं बरं आहे, तिचे आटे मेट्रिक, पिच गेजचं एकच पान घेऊन निम्मं इंजिन तपासता येतं.

बाजारात या गाडीचं नवं हेड मिळतं, आणि बऱ्याच जणांनी मला तेच घ्यायला सांगितलं. मला ते नको होतं. या हेडवर म्हैसूरचं ओतकाम आहे, फिन्स सगळ्या शाबूत आहेत, आतला घुमट स्वच्छ आहे आणि सिलिंडरवर बसणारा काठ काचेवर ठेवून पाहिला तर कुठं डुलत नाही. अशा हेडमध्ये बिघडलंय काय, तर एक १४ मिलिमीटरचं भोक. तेवढ्यासाठी ते भंगारात घालायचं आणि नकलेचं ओतकाम आणायचं, हे मला पटणारं नव्हतं आणि आजही नाही.

हेड पिशवीत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेले. या शहरात ओतकाम आणि लेथ यांची परंपरा जुनी आहे. ऑइल इंजिनं, उसाचे चरक, पंप, सगळं इथं घडलं. उद्यमनगरातल्या एखाद्या बोळात उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी लेथचा आवाज येतो आणि पायाखाली कीस वाजतो. मी ज्यांच्याकडं जाते ते टर्नर साठी ओलांडलेले आहेत. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांनी हेड हातात घेतलं, करंगळी भोकात फिरवली आणि म्हणाले, “खालचं सगळं गेलंय की ओ ताई. वरचं दोन-तीन वेढं तेवढं जिवंत हायेत.”

“मग काय करायचं म्हणता?”

“आर्गन मारून भोक भरून घिऊ. परत ड्रिल, परत टॅप. झालं.”

आर्गन वेल्डिंगला माझी हरकत होती आणि ती मी सांगितली. हे ओतकाम चाळीसहून जास्त वर्षं ऑइल आणि काजळी पीत आलंय. कितीही धुतलं तरी छिद्रांतलं तेल निघत नाही, वेल्डिंगची उष्णता लागली की ते उकळून वर येतं आणि भरणीत बारीक पोकळ्या राहतात. नेमक्या त्याच जागी पुन्हा आटे पाडायचे. शिवाय एवढ्या उष्णतेनं हेड वाकलं तर काठ परत मशीनवर घ्यावा लागणार, आणि जितका काठ घासला जाईल तितकं कॉम्प्रेशन बदलणार. आण्णांनी ऐकून घेतलं. हेड पुन्हा फिरवून पाहिलं. म्हणाले, “आसं म्हंता? मग स्प्रिंग?”

स्प्रिंग म्हणजे हेलिकॉइल. स्टेनलेसच्या चौकटी छेदाच्या तारेची गुंडाळी. भोक थोडं मोठं करून खास मापाचा टॅप मारायचा, गुंडाळी आत फिरवायची आणि तिच्या टोकाची आडवी शेपटी ठोकून तोडायची. इंजिनच्या कव्हरचे एम-६चे आटे असोत की एखाद्या स्टडचं भोक, तिथं हेलिकॉइलसारखं काम नाही. मूळ अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा ते मजबूत होतं आणि मी स्वतः ती कितीतरी जागी बसवली आहे. पण प्लगच्या भोकाला ती घालायची नाही असं माझं ठाम मत आहे, निदान टू-स्ट्रोकला तरी. ज्या गाडीचा प्लग सारखा काढावा लागतो तिथं काजळीनं धरलेला प्लग कधीतरी गुंडाळीला आपल्याबरोबर ओढून बाहेर आणतो. आणि हेड गाडीवरच असेल तर तोडलेली शेपटी खाली पडते ती थेट सिलिंडरमध्ये. हेड न काढता प्लगचे आटे दुरुस्त करून देतो म्हणणारे असतात. टॅपला ग्रीस फासलं की कीस चिकटून वर येतो, असं ते म्हणतात. सगळा कीस येत नाही. राहिलेला पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे जातो.

तिसरा उपाय बुशचा, आणि मी तो मनात धरूनच गेले होते. भोक मोठं करायचं, त्यात बाहेरून एम-१८ आणि आतून एम-१४ असे दुहेरी आटे असलेलं नवं बुश कायमचं बसवायचं. प्रश्न एवढाच की बुश कशाचं करायचं.

आण्णांकडं स्टीलचा रॉड तयार होता. लेथवर स्टील छान निघतं आणि टिकतं, यात वाद नाही. पण हेड तापतं. अ‍ॅल्युमिनिअम प्रत्येक अंशाला लांबीच्या दशलक्षात २३ भाग फुगतं, स्टील साधारण १२ भाग. १८ मिलिमीटरच्या आट्यावर हेड दीडशे अंशांनी तापलं, तर स्टीलचं बुश आणि त्याच्याभोवतीचं भोक यांच्यात मिलिमीटरच्या तीन शतांश भागाचा फरक पडतो. गनमेटल १८ भाग फुगतं, तिथं तो फरक निम्म्याच्या आत येतो. उष्णता वाहून नेण्यातही गनमेटल अ‍ॅल्युमिनिअमच्या मागंच आहे, पण स्टेनलेसच्या कितीतरी पुढं. शिवाय स्टीलचा प्लग गनमेटलमध्ये सहज फिरतो, चावून धरत नाही. पंपाच्या बुशला पिढ्यान्‌पिढ्या गनमेटल वापरतात ते उगाच नव्हे. आण्णांना हे मी सांगायची गरजच नव्हती. मी “गनमेटल” म्हटल्यावर ते उठले आणि फळीखालून पिवळसर-तांबूस रॉडचा एक तुकडा काढून ठेवला. “पैसे जादा पडतील,” एवढंच बोलले.

एम-१८ घ्यायचं की एम-२० यावर मात्र आमचा बराच वेळ गेला. एम-१८ बाय १.५ घेतलं तर आट्याच्या खोलीपासून आतल्या एम-१४पर्यंत बुशची भिंत जेमतेम एक मिलिमीटर राहते. एम-२० घेतलं तर दोन. आण्णांचा कल एम-२०कडं, कारण टर्नरला पातळ भिंत आवडत नाही. मला हेडचा मूळ धातू जितका वाचवता येईल तितका वाचवायचा होता, आणि पुढं कधी हे बुशही गेलंच तर एम-२०ची जागा शिल्लक ठेवायची होती. या दुसऱ्या कारणावर ते थांबले. “हां, त्ये बराबर,” म्हणाले, आणि एम-१८ ठरलं.

यानंतरचं काम मी शेजारी उभी राहून पाहिलं.

सगळ्यात अवघड भाग आटे पाडायचा नसतो, भोक सरळ धरायचा असतो. नवं भोक जुन्या भोकाच्या अक्षातच यायला हवं, नाहीतर प्लगचं बूड एका बाजूनं टेकतं, दुसऱ्या बाजूनं वायू निसटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. आण्णांनी आधी स्टीलचा एक मँड्रेल केला, एका टोकाला १४चे आटे आणि पुढं सरळ गुळगुळीत दांडा. हेडच्या वरच्या बाजूला जे दोन-तीन वेढे जिवंत होते त्यांत तो हातानं बसवला. हेड लेथच्या फेसप्लेटवर चढवलं, दांड्याला डायल लावला आणि चक्र हातानं फिरवत राहिले. काटा हलायचा, ते एक क्लॅम्प किंचित सैल करायचे, तांब्याच्या हातोडीनं अगदी हलकं टिचकवायचे, पुन्हा फिरवायचे. गल्लीतली दोन पोरं येऊन बघून गेली, चहा आला, निवला, काटा अजून हलतच होता. मी अस्वस्थ झाले होते. ते नव्हते. शेवटी पूर्ण फेऱ्यात काटा जवळजवळ जागेवरच राहिला तेव्हा त्यांनी क्लॅम्प आवळले, पुन्हा एकदा डायल पाहिला आणि मँड्रेल काढून घेतला. नाहीशा होत आलेल्या त्या दोन वेढ्यांनी शेवटचं काम केलं होतं, ते म्हणजे खरा अक्ष कुठं होता हे दाखवणं. पुढच्या क्षणी बोअरिंग टूलनं ते कापून टाकले.

भोक १६.५ मिलिमीटर केलं. वर प्लगची बैठक असते तिथं दीड मिलिमीटर खोल खाच घेतली, कारण बुशला वरून कॉलर येणार होती आणि तेवढी जागा दिली नाही तर प्लग दीड मिलिमीटर वर उचलला गेला असता, ठिणगीही तेवढी वर गेली असती. मग टॅप. टेलस्टॉकचा सेंटर टॅपच्या मागं टेकवून, चक्र बंद ठेवून, हातानं. पहिला, दुसरा, तिसरा, क्रमानं. अर्धा फेरा पुढं, पाव मागं, म्हणजे कीस तुटतो. अ‍ॅल्युमिनिअमला ऑइल नाही, रॉकेल. आण्णा ते जुन्या टूथब्रशनं सोडत होते. रॉकेलमुळं अ‍ॅल्युमिनिअम टॅपच्या दातांना चिकटत नाही आणि आट्याची बाजू फाटल्यासारखी न येता आरशासारखी येते. तिसरा टॅप निघाल्यावर मी बॅटरी मारून पाहिलं. एकही वेढा तुटका नव्हता.

बुशचे बाहेरचे आटे त्यांनी डायनं काढले नाहीत, लेथवर टूलनं कापले. गिअर बदलून दीडचा पिच लावला, सेंटर गेजनं टूल ६० अंशांत उभं केलं आणि थोडा थोडा कट देत गेले. मधेच मशीन थांबवून हेड वर धरून बघायचे, जरा जड जातंय का. डायनं एका मापात येतं, टूलनं हव्या त्या मापात. त्यांना ते हातानं अर्धं बसेल आणि पुढं पान्यानं जाईल असं हवं होतं, आणि तसंच ते आलं. आतले १४चे आटे टॅपनं.

बसवण्याआधी दोन्ही बाजू थिनरनं धुतल्या. आट्यांना जास्त तापमानाचं लॉकटाइट लावलं, पण त्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. प्लगच्या आसपासच्या उष्णतेत त्याची पकड उतरते. म्हणून बुश कॉलरपर्यंत आवळून बसल्यावर हेड उलटं केलं आणि घुमटाच्या बाजूनं, जिथं गनमेटल आणि अ‍ॅल्युमिनिअम एकमेकांना भिडतात, बरोबर त्या रेषेवर तीन ठिकाणी सेंटर पंचानं ठोकलं. दोन्ही धातू एकमेकांत दाबले जातात आणि प्लग काढताना बुश त्याच्याबरोबर फिरू शकत नाही. आतली कड घुमटाशी सपाट केली आणि बारीक पॉलिश पेपरनं धार मारली. ज्वलनाच्या जागेत एखादी धारदार कड राहिली तर ती तापून लाल होते आणि चांदीच्या कागदानं जे संकट येणार होतं तेच पुन्हा दारात येतं. आण्णांनी बोट फिरवलं, मग मला फिरवायला लावलं. डोळे मिटले तर कुठला धातू कुठं संपतो ते कळत नव्हतं.

मजुरीचा आकडा त्यांनी सांगितला तो मला कमी वाटला. मी तसं म्हटलं तर म्हणाले, “बुशचं काम रोजचंच हाय. डायल लावायला येळ गेला, त्याचं काय पैसे घ्यायचं?” मला वाटतं पैसे खरे त्याचेच होते, आणि मी ते दिले.

घरी येऊन हेड चढवलं, चारी नट तिरकस क्रमानं टप्प्याटप्प्यानं आवळले. नवा प्लग, ‘एच’ अक्षराचा, आधी बोटांनीच पूर्ण बसवला. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचाच नाही, हा नियम मी कुणाच्याही गाडीवर मोडत नाही. वॉशर टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा, नव्या वॉशरला तेवढा पुरतो. तो दाबला जाताना मनगटाला ताण आला आणि मी थांबले.

किक मारली. गाडी चालू झाली, तापू दिली, साबणाचं पाणी सोडलं. प्लगच्या बुडाशी पाणी वाफ होऊन उडून गेलं, बुडबुडा एकही नाही. दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या चढावर नेली. उतरल्यावर इंजिन पूर्ण निवेपर्यंत प्लगला हात लावला नाही, कारण गरम हेडमधून प्लग काढणं म्हणजे आट्यांवर नाहक ताण. मग काढला. माझं लक्ष प्लगच्या टोकापेक्षा बुशकडं होतं. प्लग एकटाच फिरून आला, कॉलर जागची हलली नव्हती, आणि वॉशर सगळ्या बाजूंनी सारखा दाबला गेला होता. टोकाचा रंग फिकट तपकिरी, म्हणजे उष्णता जिकडं जायची तिकडं नीट जात होती.

तो १९ मिलिमीटरचा प्लग मी ग्राइंडरवर धरून त्याचे आटे घासून टाकले, म्हणजे तो कुणाच्याच हेडमध्ये जायचा नाही. मँड्रेल आण्णांनी ठेवून घेतला आहे. पुढच्या येझदीवाल्याला तो लागेल.